काहिलीतून येळवशीला

३० डिसेंबर २०२४, सोमवार. वेळ अमावास्या, म्हणजे आमची येळवस. दोन दिवस धरून बसलेलं आभाळ रात्रीतून निवळलं होतं. पहाटे थंडी कडक. तळ्यावर धुई इतकी दाट की पलीकडचा काठ दिसत नव्हता. वारा अजिबात नाही.

मी काहील बोलतेय. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायला मोठी लोखंडी कढई असते ना, तीच मी. सात फूट रुंद, पावणेदोन फूट खोल. माझं खरं काम गूळ करायचं; पण गेली अठ्ठावीस वर्षं मी माणसांना पाण्यावरून पलीकडे नेते. हे कसं झालं आणि त्या सोमवारी काय घडलं, ते घडलं तसं सांगते. मी पडले गोल. मला नाक नाही, शेपूट नाही. तेव्हा सांगतानाही जरा गोल फिरेन, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म १९७८ सालचा, लातूरचा. गंजगोलाईच्या मागे एका गल्लीत विरूपाक्ष नावाचा कारागीर होता, बिदरकडचा. चार पत्रे आणि एकशे बारा रिबिटं एवढा माझा देह. लाल झालेलं रिबिट भोकात घालायचं, वरून घण मारायचा, आणि नीट बसलं की तो स्वतःलाच म्हणायचा, ‘नोड!’ म्हणजे बघ. असा तो एकशे अकरा वेळा म्हणाला. सत्तेचाळिसाव्या रिबिटाला मात्र काही बोलला नाही. ते तळाच्या सांध्यातलं रिबिट जरा वाकडं बसलं होतं.

मला न्यायला हणमंतराव आले होते, आमच्या गावचे शेतकरी. त्यांनी वाकून बोट ठेवलं. ‘उस्ताद, हे वाकडं हाय.’

‘असू दे की,’ विरूपाक्ष म्हणाला. ‘सगळंच सरळ असलं तर दृष्ट लागते. दोन उकळ्या काढा, गूळच भरून घेतो त्याला.’

आणि तसंच झालं. पहिल्याच हंगामात त्या फटीत रस शिरला, करपला, आणि दगडासारखा घट्ट झाला. वरून रुपयाएवढी काळी खपली धरली. हणमंतरावांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की काहील रोज धुवायची, पण त्या खपलीला हात लावायचा नाही.

गाव निलंग्यापासून एसटीनं पाऊण तासावर. नदीच्या अंगाला हणमंतरावांची जमीन आणि तिथंच गुऱ्हाळ. अकरा हंगाम मी चुलाणावर बसले. रस उकळायला लागला की वरची मळी झाऱ्यानं काढायची, मग पाक पाण्यात टाकून बघायचा, गोळी झाली की उतरवायची घाई. लहान पोरं उसाच्या कांडक्या घेऊन माझ्याभोवती उभी असायची. हणमंतरावांचा मुलगा शेषेराव याचं लग्न झालं ते माझ्या चौथ्या हंगामात. नवी नवरी धोंडाबाई पहिल्यांदा गुऱ्हाळावर आली आणि गरम गुळानं तिची जीभ पोळली. त्यावरून शेषेराव तिला अजून चिडवतो.

मग साखर कारखान्याची टोळी बांधावर येऊन ऊस तोडून नेऊ लागली. घरी गूळ करायचं कारण उरलं नाही. मला घरामागे पालथं टाकलं. काही वर्षं माझ्या पोटाखाली कोंबड्या राहिल्या आणि पाठीवर धोंडाबाईचे पापड वाळले. तापलेल्या लोखंडावर पापड दुपारपर्यंत कडक होतात. बायका शेजारून मागायला यायच्या, ‘तुमच्या काईलीवर आमचंबी एवढं वाळू घालू द्या.’ मला त्यात कमीपणा वाटला नाही. काम ते काम.

नदी अडवून तळं झालं १९९५ ला. हणमंतराव तोवर वारले होते. जमिनीचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला, आणि तीन एकर राहिले ते नेमके पलीकडच्या अंगाला. रस्त्यानं गेलं तर अकरा किलोमीटरचा वळसा. तळ्यात मासे धरणारा केरबा एक दिवस आमच्या अंगणात आला, त्यानं माझ्या पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं आणि शेषेरावाला म्हणाला, ‘ही हितं पालथी मरायलीय. उताणी करून पाण्यात टाकली तर तरंगंल.’

तरंगले. केरबाला सरळ जायला शिकायला महिना लागला. मला एका बाजूनं वल्हं मारलं की मी तिथंच गिरकी घेते. ‘हिला नाकच न्हाई, मग सरळ जाणार कुठं?’ असं तो म्हणायचा. शेवटी त्यानं रीत बसवली: एक वल्हं डावीकडं, एक उजवीकडं, आणि माणसं काठाला पाठ लावून गोल बसवायची, पाय मधे, जडाच्या समोर जड. कुणी उभं राहायचं नाही. रोज सकाळी मला पाण्यात ढकलायच्या आधी तो तळहात फिरवून एकशे बारा रिबिटं चाचपायचा. अठ्ठावीस वर्षांत त्यानं हा नेम एकदाच मोडला. ते पुढे येईलच.

अलीकडच्या चिंचेपासून पलीकडच्या काठापर्यंत चारशे दहा वल्ही. केरबा ओठांतल्या ओठांत मोजतो, तेव्हा मलाही पाठ झालंय. मधे एका ठिकाणी माझं जुनं चुलाण खाली आहे, पाण्याच्या तळाशी. साधारण एकशे ऐंशीव्या वल्ह्याला मी त्याच्यावरून जाते.

आता येळवशीचं. लातूर-नांदेडकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. लातूरचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात, दुकानांना कुलपं. शेतात कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. बायका आदल्या रात्रीपासून राबतात: पाच-सहा तऱ्हांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, वाफवलेले ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे, आणि ताकातलं आंबट-गार अंबील. अंबील ज्या मडक्यात भरतात ते बिंदगं. त्याला चुना लावून वर कावेचे तांबडे पट्टे ओढतात. आमच्या घरची रीत अशी की बिंदगं घरच्या बाईनं न्यायचं, आणि घरून निघाल्यापासून कोपीत पोचेपर्यंत ते जमिनीला टेकवायचं नाही.

तेहतीस वर्षं... नाही, चुकले. त्रेचाळीस वर्षं ते धोंडाबाईनं नेलं. आधी पायवाटेनं आणि नंतर माझ्यातून.

शेषेरावाचा मुलगा हरिओम लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याची बायको सुकन्या, लातूरच्या शिक्षकांच्या घरातली. लग्नाला बारा वर्षं झाली. त्यांची मुलगी साक्षी दहा वर्षांची. दर येळवशीला तिघं गावी येतात. सुकन्या रात्रभर सासूबरोबर स्वयंपाक करते, सकाळी सगळ्यांबरोबर चिंचेपर्यंत येते, आणि तिथंच थांबते. लहानपणी ती मामाच्या गावी विहिरीत पडली होती. काढलं वेळेवर, पण ते पाणी अजून नाकात आहे असं म्हणते. बारा वर्षांत तिनं माझ्यात पाय ठेवला नव्हता. सगळी पलीकडे जायची आणि ती चिंचेखाली सतरंजीवर एकटी बसायची. पलीकडून आरोळ्या ऐकू यायच्या. दिवस कलला की तिनंच रांधलेली भज्जी डब्यातून तिच्याकडे परत यायची, गार होऊन. मग साक्षी तिला पलीकडचं सगळं सांगायची: कोप केवढी, पांडव कसे दिसत होते, बदकं किती. सुकन्या खाता खाता ऐकायची. मी काठाला टेकलेली असायचे, मीही ऐकायचे.

कुणी तिला बोललं नाही. पण न बोललेलंही ऐकू येतं. शेजारची एखादी बाई हटकून विचारायचीच, ‘सूनबाई औंदाबी राखणीला का?’

यंदा येळवशीच्या आधी आठ दिवस धोंडाबाई अंगणात घसरली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

शुक्रवारी संध्याकाळी सगळी अंगणात बसली होती. मी तेव्हा दुरुस्तीच्या निमित्तानं घरापाशीच होते, म्हणून हे माझ्यासमोरचं.

‘औंदा बिंदगं कोण न्यायचं?’ शेषेरावानं विचारलं.

‘मी नेतो की,’ हरिओम म्हणाला.

‘तू?’ धोंडाबाई म्हणाली. ‘तुला बशीतला चहा न सांडता आणता येत न्हाई. अन् बाईचं काम हाय ते.’

‘मग औंदा अलीकडंच पुजू,’ शेषेराव म्हणाला. ‘चिंचेखाली पाच खडं मांडू. देव काय कुठंबी येतोय.’

धोंडाबाई प्लास्टरवरची बारीक धूळ झटकत राहिली. त्या घरात ती गप्प बसली की सगळ्यांना कळतं.

सुकन्या तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. ‘मी नेते,’ ती म्हणाली.

‘पाण्यातून?’ साक्षीनं विचारलं.

‘मग काय आभाळातून?’

हरिओम म्हणाला, ‘अगं, घाबरायचं काहीच कारण नाही. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितकं—’

‘मला माहीत आहे,’ सुकन्या म्हणाली. ‘बारा वर्षं ऐकायलीय. पाण्याला माहीत आहे का, एवढंच सांगा.’

रात्री भांडी आवरताना धोंडाबाई तिला म्हणाली, ‘जिच्या पोटात बसायचं हाय तिला आधी हात लावून बघ. म्हैस असती तर पाठ खाजवली असतीस का न्हाई? तसंच.’

शनिवारी केरबानं मला काठावर नेऊन ठेवलं. अकराच्या सुमाराला सुकन्या एकटी आली. हातात राख, नारळाच्या शेंड्या, चिंचेचं पाणी आणि एक उलथनं. आधी नुसती बसली. मग एक बोट माझ्या काठाला लावलं. मग तळहात. मग पदर खोचला आणि घासायला लागली.

येळवशीला शेतातली अवजारं धुऊन चुना-कुंकू लावायची पद्धत आहेच, पण मला असं कुणी घासलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा गाळ, मासळीचा वास, काजळी, सगळं तिनं तीन तासांत काढलं. घासता घासता ती माझ्याशी बोलत होती. ‘काय गं, तुला कुणी कधी धुतलं का न्हाई?’ लातूरची असली तरी एकटी असताना ती इथलंच बोलते. मला लोखंडाला गुदगुल्या होतात हे त्या दिवशी समजलं.

शेवटी राहिली ती तळाची काळी खपली. सुकन्यानं शेंडीनं घासून बघितली, हलली नाही. नखानं खरवडली, हलली नाही. दुधाचं पातेलं करपलं तरी ती डाग राहू देत नाही, मग असलं काळं कसं ठेवणार? तिनं उलथन्याची कड लावली आणि दाब दिला. मी आज बोलतेय, पण त्या वेळी माझ्याकडून एक शब्द निघाला नाही. खपली कट्‌कन उडाली.

खाली फट दिसायलाही नको एवढी बारीक. तिला दिसली नाही. मग तिनं मला आतून-बाहेरून चुना दिला आणि काठाला कावेचे दोन पट्टे ओढले, बिंदग्यासारखेच. चुना फटीत बसला आणि सगळं सारखं झालं. रविवारी मी वाळत काठावरच होते.

सोमवारी पहाटे केरबा आला. त्यानं मला बघितलं आणि उभाच राहिला. चाचपायला तळहात पुढे केला होता, तो मधेच थांबला. सजवलेल्या वस्तूवर हात फिरवून कोण तपासतं? त्यानं दोन्ही हात जोडले आणि मला पाण्यात ढकललं. हाच तो मोडलेला नेम.

सगळी आली. धोंडाबाईनं डाव्या हातानं टोपलीतले उंडे मोजले, मोठ्यानं, ‘एक्केचाळीस.’ चाळीस लागतात, एक जास्तीचा. सुकन्याच्या डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं बिंदगं. तिनं उजवा पाय माझ्यात ठेवला. मी हलले. तिनं तो परत काढला.

धुईत केरबाची बिडी तेवढी लाल दिसत होती.

‘सूनबाई,’ केरबा म्हणाला, ‘ही नवरीला जरा हलूनच दाखवती. मग गप बसती.’

तिनं पुन्हा पाय ठेवला, मग दुसरा, आणि बसली. हरिओमनं तेवढ्यापुरता बिंदग्याला हात दिला आणि ते तिच्या मांडीवर आलं. जमिनीला टेकलं नव्हतं. शेषेराव वाकून वाकून बघतच होता.

केरबानं माणसं लावली. धोंडाबाईसमोर हरिओम. ‘मास्तर, जरा आत सरका. क्लासच्या खुर्चीनं जड झालाव तुमी.’ शेषेरावासमोर साक्षी आणि उंड्यांची टोपली. सुकन्या केरबासमोर.

निघालो. डावं, उजवं, डावं, उजवं. चाळीस वल्ह्यांनंतर मागचा काठ धुईत गेला आणि पुढचा अजून आला नव्हता. सगळीकडं पांढरं. सुकन्यानं पाण्याकडं एकदाही बघितलं नाही. तिनं नजर लावली होती ती माझ्या तळावर, आपल्या पायांपुढे. बिंदगं दोन्ही हातांनी घट्ट.

‘आई, वर बघ की,’ साक्षी म्हणाली.

‘बघते. पोचल्यावर.’

एकशे त्र्याऐंशीव्या वल्ह्याला, चुलाणाच्या जरा पुढे, माझ्या तळाला गार सुई टोचली.

‘दूध यायलंय,’ सुकन्या म्हणाली.

‘काय?’ हरिओम म्हणाला.

‘खाली. पांढरं यायलंय.’

‘अंबील सांडलं!’ शेषेराव ओरडला.

‘सांडलं का गं?’ धोंडाबाईचा आवाज चिरका झाला.

‘धर नीट, धर!’ हरिओम म्हणाला.

तळ्याच्या मधोमध, धुईत, बुडणाऱ्या कढईत बसून ही माणसं अंबिलाची काळजी करत होती. सुकन्यानं वाकून त्या पांढऱ्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

‘अंबील न्हाई,’ ती म्हणाली. ‘चुना हाय. पाणी आत यायलंय.’

केरबाचं वल्हं थांबलं. चुना धुऊन जात होता आणि फट मोकळी होत होती. पांढरी रेघ आता बोटाएवढी झाली.

‘कुणीबी उठायचं न्हाई,’ केरबा हळू म्हणाला. ‘मागं एकशे त्र्याऐंशी, म्होरं दोनशे सत्तावीस. काय करू?’

त्यानं शेषेरावाला विचारलं होतं. उत्तर सुकन्यानं दिलं. ‘मागं गेलं तर वळावं लागंल. वळताना हलंल ना?’

‘हलंल.’

‘मग पुढं चला. साक्षी, एक उंडा दे.’

‘अगं, निवदाच्या आधी?’ शेषेराव म्हणाला. ‘पांडवांचं हाय ते.’

‘गप बसा हो,’ धोंडाबाई म्हणाली. ‘पांडव आले असते तर त्यांनीबी हेच केलं असतं.’

सुकन्याला बिंदग्यामुळं वाकता येत नव्हतं. तिनं साक्षीला सांगितलं, ‘बसल्या जागेवरनं हात लांब कर. माझ्या अंगठ्याजवळ, पांढरं निघायलंय तिथं ठेव.’ साक्षीनं ठेवला. सुकन्यानं वर टाच ठेवली आणि सगळं वजन तिथं दिलं. उंडा चपटा झाला, फटीत बसला. डिसेंबरचं पाणी, तिचा पाय घोट्यापर्यंत लाल. तरी तिनं तो काढला नाही. विरूपाक्षानं ज्या जागी घण मारला होता, नेमकी त्या जागी आता तिची टाच होती.

हरिओम म्हणाला, ‘दाबाचा नियम असा आहे की—’

‘मास्तर,’ केरबा म्हणाला, ‘नियम ऱ्हाऊ द्या. तांब्या घ्या अन् पाणी उपसा.’

हरिओमनं तांब्या घेतला.

तीनशेच्या आसपास धुई विरळ झाली. आधी उजेड आला, मग पाण्यावर सोनं पसरल्यासारखं झालं, आणि मग तळं उघडलं, सगळं एकदम. लालसर बदकांची लांब रांग. उथळ पाण्यात एका पायावर बगळे. पलीकडे गाळपेरीच्या हरभऱ्याची हिरवी पट्टी, जवसाची निळी फुलं, मागं ज्वारी, आणि तिच्या कडेला कडब्याची कोप.

साक्षीनं आईकडं बघितलं. सुकन्यानं मान वर केली होती. टाच तशीच.

चारशे दहाला काठ लागला. सगळी उतरली, ती शेवटी. टाच उचलायची म्हणून थांबली होती. मग केरबानं आणि हरिओमनं आधार दिला, बिंदगं डोक्यावर गेलं, आणि ती गुडघाभर पाण्यातून चालत निघाली. काठापासून कोपीपर्यंत बेचाळीस पावलं. मधे कुठं टेकवलं नाही.

धोंडाबाईनं डाव्या हातानं बिंदग्याच्या तोंडाखालून बोट फिरवलं. कोरडं होतं. ‘बस आता,’ ती सुनेला म्हणाली. ‘पाय शेक.’

मी काठाला होते. कोपीतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ ही येळवशीची आरोळी देत सगळी कोपीभोवती फिरली, आणि त्या आरोळीत एक आवाज नवा होता. जेवताना साक्षी आईला एकेक दाखवत होती. सुकन्या म्हणाली, ‘कोप तू सांगितलीस त्याच्यापेक्षा लहान हाय. तळं मात्र मोठं हाय.’

जेवणानंतर केरबानं मला ओढून तिरकं केलं आणि तळ चाचपला. ‘हितली खपली कुठं गेली?’

शेषेराव वाकून बघायला आला.

‘मी काढली,’ सुकन्या म्हणाली. ‘उलथन्यानं.’

शेषेरावानं कपाळावर हात मारला. ‘माझ्या बापाच्या हातचा गूळ हुता तो. शेहेचाळीस वर्षांचा. अन् हिनं तो उलथन्यानं काढला!’

‘मला काय माहीत, मामा? मला वाटलं करपलंय.’

‘करपलंच हुतं. पण आमचं करपलं हुतं!’

धोंडाबाईला हसू फुटलं. मनगट दुखेपर्यंत हसली. मग केरबा हसला, आणि शेवटी शेषेरावही. सुकन्या तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, ‘आता हिला परत कशी न्यायची?’

मला तिथं ठेवून चालणार नव्हतं; डाग द्यायचं सामान, भट्टी, सगळं अलीकडे. सहा माणसांचं वजन त्या फटीला पेलणार नव्हतं. शेजारच्या रानात ट्रॅक्टर आला होता, बाकीच्यांनी त्यातून वळशानं जायचं ठरलं. केरबा म्हणाला, ‘मी एकटा नेतो.’

‘वल्हं कोण मारणार? अन् टाच कोण लावणार?’ सुकन्या म्हणाली. ‘मी येते.’

‘तू?’ हरिओम म्हणाला.

‘खपली मी काढलीय.’ आणि पदर खोचत, ‘तुम्ही ट्रॅक्टरमध्ये नियम सांगत या.’

आता माझं सध्याचं. चार जानेवारीला केरबानं गूळ आणि चुना एकत्र मळला, फटीत भरला, खालून गोवऱ्यांचा जाळ दिला आणि सहा दिवस मला पाणी दाखवलं नाही. नवी खपली धरलीय. जुन्याइतकी काळी नाही, होईल हळूहळू. संक्रांतीला सुकन्या गावी आली तेव्हा आधी माझ्याकडं आली. काव भिजवून तिनं त्या खपलीभोवती एक तांबडा गोल ओढला. गावात बोलतात की पुढच्या पावसाळ्यापर्यंत फायबरची होडी येणार, केशरी जाकिटांसकट. येऊ दे. साक्षीसारखी लेकरं बसतात, जाकिटं हवीतच. मी परत घरामागे जाईन आणि धोंडाबाईचे पापड वाळवीन. माझं मागणं एवढंच आहे: मला घासा, चुना लावा, सजवा, पण आधी तळहात फिरवा. आणि तो तांबडा गोल सोडून घासा.

परतीच्या खेपेची नोंद तेवढी राहिली.

३० डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. आभाळ स्वच्छ, पश्चिमेकडून हलका वारा. काहिलीत दोन माणसं, केरबा आणि सुकन्या. वल्ही चारशे बारा. आत आलेलं पाणी एक तांब्या. सकाळी नेलेले उंडे एक्केचाळीस, पांडवांपुढे मांडले ते चाळीस. अंबील सांडलं नाही.